जावयाचं निरांजन आणि मोरीतला सेन्सर

माझं निम्मं आयुष्य लोकांच्या मोऱ्यांमध्ये गेलं. हे वाक्य मुलीच्या सासरी बोलायचं नाही, अशी मला घरातून ताकीद आहे, म्हणून इथे लिहून टाकतो. वायरमन म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर खांबावर चढलेला, कमरेला पक्कड लावलेला मर्द गडी येतो. मी आयुष्यात खांबावर चढलो नाही. घरगुती वायरिंगवाल्याचं पोट चालतं ते गिझरवर, एक्झॉस्ट फॅनवर आणि ‘नळाला हात लावला की झिणझिण्या येतात हो’ या तक्रारीवर. दिवाणखान्यात माणूस पाहुण्यांसाठी खर्च करतो, मोरीत मात्र तो जसा असतो तसाच असतो. पंचवटीतल्या एका घरमालकाने भाडेकरूच्या मोरीतल्या दिव्याचं बटण स्वतःच्या झोपायच्या खोलीत बसवून घेतलं होतं. भाडेकरू आत जास्त वेळ रमला की हा गादीवरूनच दिवा घालवायचा. भाडेकरूही वस्ताद निघाला. दिवा गेला की तो अंधारात मोठमोठ्याने भजनं म्हणायला लागायचा, आणि देवाचं नाव चाललेलं असताना दार वाजवायची मालकाची हिंमत होत नसे. ते वायरिंग मीच करून दिलं होतं आणि चांगलं करून दिलं होतं.

धंदा शिकलो तो मात्र मोरीत नाही, पिंपळगाव बसवंतला, द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. तिथे अंगात स्वेटर घालून वायरी ओढायच्या आणि बाहेर आलं की उन्हाने भाजायचं. तिथला मिस्त्री फार शिव्या द्यायचा, पण एक गोष्ट त्याने डोक्यात पक्की बसवली. पंखा हवा तयार करत नाही, तो फक्त इकडची तिकडे टाकतो. जेवढी बाहेर टाकाल तेवढी आत यायला वाट लागते. वाट रुंद असली तर हवा गपगुमान येते, नुसती फट असली तर शिट्टी मारत येते. मोरीला एक्झॉस्ट लावून दारं-खिडक्या घट्ट लावणारी आणि वर ‘तुमचा पंखा ओढतच नाही’ म्हणणारी गिऱ्हाइकं मला पुढे शेकड्याने भेटली. त्यांना मी मिस्त्रीचं हे वाक्य शिव्या वगळून ऐकवायचो.

आता सेन्सरकडे येतो. दोन हजार सालानंतर नाशकात बंगल्यांची आणि फ्लॅटांची नुसती गर्दी उडाली आणि लोकांना एकाएकी बटणं दाबायचा कंटाळा यायला लागला. गंगापूर रोडला माझे एक जुने गिऱ्हाईक होते, सरकारी खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळी गल्ली काका म्हणायची, मीही म्हणायचो. त्यांच्या मोरीच्या भिंतीपलीकडेच काकूंचं देवघर होतं. आंघोळीची वाफ कोंडायची, भिंत ओल धरायची आणि पलीकडे बाळकृष्णाच्या पाठीमागचा रंग पोपडे धरून गळायचा. एक्झॉस्ट फॅन होता, पण तो कुणी लावतच नसे. काकूंचं म्हणणं, देवांना एखाद दिवशी सर्दी होणार. काकांचं म्हणणं, माणसाच्या आठवणीवर विसंबलेली कुठलीही योजना फसते. एक दिवस ते मुंबईला गेले आणि लोहार चाळीतल्या विजेच्या बाजारातून सेन्सर घेऊन आले.

सेन्सर म्हणजे अर्ध्या लिंबाएवढा पांढरा डोळा. गरम अंग हलताना दिसलं की तो बटण दाबल्यासारखा आपणहून चालू होतो, हालचाल थांबली की थोडा वेळ वाट बघतो आणि बंद होतो. वायरिंगही सोपं. फेज सेन्सरला द्यायची, सेन्सरमधून निघालेली वायर दिव्यांना आणि पंख्याला जोडायची, न्यूट्रल आपला थेट. संडासात पेपर वाचत बसलेल्या माणसाचा दिवा जातो आणि तो आतून हात हलवत बसतो, हा विनोद तुम्ही ऐकला असेलच. प्रत्येक गिऱ्हाइकाने तो मला स्वतःच्या सासऱ्यावर घडल्याचं सांगितलंय. तो मी सांगणार नाही.

मी काकांना म्हटलं, “दिवे सेन्सरवर घेऊ, पण पंख्याला एक बटण वेगळं राहू द्या.”

“बटण ठेवलं की माणूस ते वापरणार,” काका म्हणाले. “मला मधला माणूसच काढून टाकायचाय, दत्तू.”

“मग दाराला खालून जाळी तरी पाडू. हवा आत यायला वाट नको का?”

“सागवानी दार आहे ते!” काका असे बोलले, जणू मी त्यांचा पाय कापायला निघालो होतो.

म्हणून जुन्या बटणांच्या जागी कोरी पांढरी पट्टी बसली, दार सागवानी राहिलं आणि दाराच्या आतल्या बाजूला वर तो डोळा बसला. काका आत गेले की दिवे पेटायचे, पंखा घरघरायचा. पहिल्या आठवड्यात तर ते उगीचच आत-बाहेर करत होते. भिंत सुकली. बाळकृष्णाच्या मागे नवा रंग बसला. जे पुढे झालं तो दोष माझ्या वायरिंगचा नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आताही म्हणतो.

काका-काकूंना एकच मुलगी, माधवी. तिने आदल्या वर्षी, दिवाळी उलटल्यावर, आपल्या मनाने लग्न केलं. प्रशांत सिडकोतल्या एका कॉलनीत वाढलेला, बौद्ध घरातला, शाळेत विज्ञान शिकवणारा. काका चार दिवस गप्प राहिले आणि मग त्यांना बोलायला माणूस लागतो म्हणून बोलायला लागले. काकूंचं तसं नव्हतं. त्या लग्नाला आल्या नाहीत. माधवी माहेरी आली तर एकटीच यायची आणि संध्याकाळच्या आत परत जायची. ही हकीकत मला काकांनीच सांगितली होती, मी शिडीवर चढून सेन्सर बसवत असताना. शिडीवरच्या माणसाला लोक मनातलं सगळं सांगतात, कारण त्याला पळून जाता येत नाही.

मग दिवाळी आली, माधवी-प्रशांतची पहिली. काकांनी मुलीला फोन करून दिवाळसणाला बोलावलं. माधवीने फोनवरच अट घातली. “आईने त्याला नरकचतुर्दशीला आंघोळीत ओवाळलं पाहिजे. कुठल्याही जावयाला ओवाळतात तसं. नसेल जमत तर आत्ताच सांगा, परत विचारू नका, मीही परत येणार नाही.” काकूंनी दुसऱ्या फोनवरून ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, “या म्हणावं.”

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नरकचतुर्दशीला पहाटे उठायचं, तेल लावायचं, उटणं चोळायचं आणि आंघोळ अर्धी झाली की घरातल्या बाईने मोरीतच निरांजन घेऊन ओवाळायचं. थंडीने कुडकुडणारा, अंगाला उटणं फासलेला, पंचा गुंडाळलेला पुरुष आणि समोर दिवा. हा जावई असला आणि त्याची पहिली दिवाळी असली तर सगळं घर त्या दाराकडे बघत असतं.

त्या पहाटे मी स्वतः माझ्या सातपूरच्या घरात पाटावर बसलो होतो. अंगाला तेल झालं होतं, उटणं निम्मं झालं होतं. बायको विंचूरची. तिचा हात असा, की उटणं चोळते की कांद्याचं पोतं झाडते ते समजत नाही. तेवढ्यात फोन वाजला. फोनवर काका नव्हते, काकू होत्या. काकू मला कधीच फोन करत नसत.

“दत्तूभाऊ, तुमचा पंखा दिवा विझवतोय,” त्या म्हणाल्या. “तीनदा विझला. माधवी सामान भरतेय. तुम्ही या.”

मी अंगावर शर्ट चढवला आणि स्कूटरला किक मारली. मागून बायको ओरडली, “आजच्या दिवशी बी लोकांच्या मोऱ्याच बघनार का तुम्ही? लय हौस हाय!” मान हलवली की कानामागचं उटणं कॉलरवर पडत होतं. थंडी अशी होती की तेलाचं तूप व्हावं. पोरांनी रस्त्यात लावलेल्या लवंगी चुकवत मी पोचलो.

पॅसेजमध्ये तिघं जण होती आणि तिघंही एकदम बोलायला लागली. काकांना गप्प केल्यावर मला जे समजलं ते असं. प्रशांत आंघोळीला आत गेला, दिवे पेटले, पंखा सुरू झाला. काकूंनी दार किंचित उघडून उटण्याची वाटी आत सरकवली. मग ओवाळायची वेळ झाली. काकू सोवळ्यात होत्या. ओवाळून झालं की थेट देवपूजेला बसायचं होतं, म्हणून पहाटेच रेशमी लुगडं नेसलेलं, आणि सोवळ्यात पारोशा माणसाला शिवायचं नाही. म्हणून त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या, दार वीतभर उघडलं आणि हात लांब करून तबक आत धरलं. निरांजन भप्पकन विझलं.

पुन्हा पेटवलं, पुन्हा विझलं. मग काकांनी सूत्रं हाती घेतली. त्यांनी जावयाला फर्मान सोडलं, “अजिबात हलू नका! हालचाल थांबली की पंखा बंद होईल.” तो बिचारा ओल्या अंगाने पुतळ्यासारखा उभा राहिला. थोड्या वेळाने खरोखर पंखा थांबला, दिवेही गेले. अंधारात निरांजनाची ज्योत, फार सुंदर दिसलं असेल. काकूंनी तबक धरून पहिला फेर घेतला, आणि त्या फिरणाऱ्या हाताला बघून सेन्सर जागा झाला. दिवे लख्ख, पंखा सुरू, निरांजन खलास. ओवाळणं म्हणजेच हालचाल, हे लोहार चाळीत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“मेन स्विच पाडतो म्हटलं, तर ही पाडू देत नाही,” काका म्हणाले.

“दिवाळीच्या पहाटे सगळं घर अंधारात घालू?” काकू म्हणाल्या. “आणि तेही याला ओवाळताना? मग तर काय म्हणाल मला!”

माधवी भिंतीला टेकून उभी होती. पायाशी बॅग होती. ती माझ्याकडे न बघता बोलली, “दत्तूकाका, तुम्ही उगाच आलात. पंख्याचं काही नाहीये. तिला ओवाळायचंच नव्हतं. सोवळं नेसून कुणी जावयाला ओवाळतं का? बाहेर उभं राहून, काठीने ढकलल्यासारखं?”

काकूंनी मला बाजूला, स्वयंपाकघराच्या दारापाशी नेलं. हातात विझलेल्या निरांजनाचं तबक तसंच होतं. “भाऊ, मला ओवाळायचंय,” त्या म्हणाल्या. “आधी नव्हतं ओवाळायचं, खरंय तिचं. पण आता हे असं विझलं तर ती पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही. काहीही करा, पण हे जळतं ठेवा.”

मी काय करणार होतो? पंख्याची वायर काढायची तर ती वर झरोक्याजवळ, फेज चालू, खाली ओली फरशी आणि माझे हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले. त्या अवस्थेत मी वायरीला हात लावला असता तर दिवाळी अंकात माझा लेख आला नसता, फोटो आला असता. सेन्सरच्या डोळ्यावर टेप चिकटवून बघितली, ती वाफेने सुटून माझ्याच डोक्यावर पडली. काका खालून सूचना देत होते. मी त्यांना म्हटलं, “काका, बटण ठेवायला सांगितलं होतं.” ते म्हणाले, “आत्ता ती वेळ आहे का?” वेळ नव्हतीच, पण मला राहवलं नाही.

या सगळ्या वेळात प्रशांत आत उभा होता. त्याचं कौतुक वाटतं मला. त्याच्या घरी यातलं काहीच करत नाहीत. तो माधवीच्या शब्दाखातर आला होता, आणि आता तिच्याच माहेरच्या मोरीत, कुणीतरी शिडी लावून डोक्यावर चढलेला असताना, पंच्याला गाठ मारून उभा होता. दात वाजत होते, पण रागावलेला नव्हता.

“एक विचारू का?” तो खालून म्हणाला. “ही पणती का नाही विझत?”

“कुठली पणती?”

“ही काय, नळाच्या वरच्या कट्ट्यावर. माधवीने ठेवलीय पहाटे. मघापासून बघतोय, पंखा चालू असला तरी ज्योत सरळच्या सरळ आहे.”

मी वाकून बघितलं. कोपऱ्यात एक साधी मातीची पणती निवांत जळत होती. आम्ही सगळे त्या पांढऱ्या डोळ्याच्या मागे लागलो होतो, तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. मला पिंपळगावचा मिस्त्री आठवला, त्याच्या शिव्यांसकट. पंखा बाहेर फेकतो तेवढी सगळी हवा दाराच्या त्या वीतभर फटीतून आत घुसत होती, आणि नेमकं त्या फटीतच काकूंचं तबक होतं. आत, पलीकडच्या कोपऱ्यात, वाऱ्याचं नावही नव्हतं. दार सताड उघडलं असतं तरी जोर कमी झाला असता, पण ओल्या पंच्यातल्या नव्या जावयाला सगळ्यांसमोर उघडं कोण करणार, तो स्वतःच कडी धरून होता.

मी शिडीवरून उतरलो आणि शिडी घेऊन पॅसेजमध्ये आलो. “काकू, दिवा पंख्याने विझत नाहीये,” मी म्हणालो. “वारा फक्त या दारात आहे. आत नाही. तुम्ही आत जा, त्याच्याजवळ जा, आणि मागे दार लावून घ्या. मग बघा विझतो का.”

मी बोलून गेलो आणि मग मला समजलं मी काय बोललो ते. सोवळ्यातल्या बाईला मी मोरीत जायला सांगत होतो. फरशीवर उटण्याचं, साबणाचं पाणी साचलेलं, आणि जेमतेम दोन माणसं मावतील अशी जागा. काकांनी घसा खाकरला. माधवी बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत आईकडे बघत होती. मला वाटलं, आता काकू देव, सोवळं, पूजा असं काहीतरी म्हणतील आणि संपलं. दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत आपण कशाला तोंड घातलं, असं झालं.

काकूंनी निरांजन पेटवलं. पदर कमरेला खोचला. एका हाताचा आडोसा धरून त्या आत शिरल्या आणि टाचेने दार मागे ढकललं.

दार लागलं. आम्ही तिघं त्या सागवानी दाराकडे बघत उभे. आत पंखा घरघरत होता.

“सेन्सरची बंद व्हायची वेळ मी कमीत कमी ठेवली होती,” काका हळूच म्हणाले.

“बाबा, प्लीज,” माधवी म्हणाली.

आतून काकूंचा आवाज आला. “हलू नका हो. डोळ्यात जाईल ज्योत.” मग बांगड्यांचा आवाज, एकदा, दोनदा. ओवाळत होत्या. नंतर काहीच नाही. माधवी दाराजवळ सरकली. विझला की काय, हेच माझ्याही मनात.

मग काकूंचा चढलेला आवाज, अगदी नेहमीचा, स्वयंपाकघरातला. “हे काय? पाठ तर कोरडी ठणठणीत! उटणं कुणी लावलं हे?”

“मीच लावलं,” प्रशांतचा आवाज. “मागे हात पोचला नाही.”

“वाटी कुठाय? आण इकडे. वळ.”

माधवीच्या हातातून बॅगेचा पट्टा सुटला. आतून पाठ चोळल्याचा आवाज येत होता. तो आवाज मी ओळखतो, त्या पहाटे माझ्याही पाठीवर अर्ध्यापर्यंत झाला होता. “मान खाली कर.” “आई गं, जोरात लागतंय.” “लागू दे. उटणं म्हणजे काय पावडर आहे फुंकायला?” तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज, एक, आणखी एक. काका खिशात रुमाल शोधायला लागले, पण ते सदऱ्यात होते आणि सदऱ्याला खिसा नव्हता. मी त्यांना माझा रुमाल दिला. त्यावर उटणं होतं, पण त्यांच्या लक्षात आलं नाही.

दार उघडलं. काकू बाहेर आल्या. एका हातात तबक, निरांजन जळत होतं. दुसरा हात मनगटापर्यंत उटण्याने पिवळा. रेशमी लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत भिजून पायाला चिकटलेला, आणि पॅसेजभर पाणी. माधवी आईच्या त्या हाताकडे बघत राहिली आणि तोंडावर पदर घेऊन रडायला लागली.

“रडायला काय झालं?” काकू म्हणाल्या. “कपाटातून माझं दुसरं लुगडं काढ आधी. देव अजून पारोसे बसलेत.”